बेगमी कोणी करायची?

संक्रांत उलटली की आपल्या जुन्या घरांतून बेगम बाजारच्या फेऱ्या सुरू व्हायच्या. हुमदा बेगमेने व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर वसलेला हा बाजार आणि आपल्या घरांतली वर्षाची बेगमी, हे दोन शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जोडीनेच नांदले. काचीगुडा, इसामिया बाजार, बडी चावडी, गौलीगुडा, शालिबंडा, कुठल्याही वाड्यात पाहा, पौष-माघात नवी तूर यायची, फाल्गुनात रब्बीची ज्वारी, पाठोपाठ चिंच, निजामाबादची हळद, वरंगलची मिरची. पल्ल्याच्या हिशेबाने धान्य उतरायचे. अंगणात ऊन दाखवले जायचे, डाळीला एरंडेल चोळले जायचे, ज्वारीत कडुलिंबाचा पाला आणि बिब्बे पडायचे. उन्हाळा संपेपर्यंत खारवड्या, कुरडया, शेवया, सांडगे, येसर आणि काळा मसाला डब्यांत जाऊन बसला की घरातली मोठी बाई निश्चिंत व्हायची. मृग बरसो न बरसो, पुढच्या संक्रांतीपर्यंत चूल पेटणार, एवढी खात्री त्या कोठीच्या खोलीत होती.

हे सारे आता फ्लॅटमध्ये कसे जमायचे, असे कोणी विचारील. विचारावेच. दोन खोल्यांच्या घरात क्विंटलभर ज्वारी ठेवायची कुठे, पलंगाखाली? आणि दहा मिनिटांत कोथिंबिरीपासून कणकेपर्यंत सगळे दारात येत असताना ठेवायची तरी कशाला? हा प्रश्न नव्या पिढीने केला तर आम्हाला त्यात गैर वाटत नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. बेगमी मोडली त्याचे दुःख खारवड्यांपुरते असते तर या अंकाची पाने आम्ही त्यासाठी खर्ची घातली नसती. प्रश्न पैशाचा आहे आणि म्हणूनच तो राजकारणाचा आहे.

साधा हिशेब करू. दोन वृद्धांचे घर. माणशी दिवसाला सव्वाशे ग्रॅम ज्वारी धरली, म्हणजे दोन बेताच्या भाकरी, तर महिन्याला साडेसात किलो आणि वर्षाला नव्वद किलो होते. क्विंटलही पुरा नाही. केंद्र सरकारने २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीला क्विंटलमागे ३,७४९ रुपये आधारभूत भाव ठरवला आहे. चांगल्या शाळूला बाजारात बहुधा याहून अधिक मोजावे लागतात, त्यावर आडत, हमाली आणि भाडे. हे सगळे धरूनही सुगीत एकदम घेणाऱ्याला जी ज्वारी पडते तीच दर आठवड्याला पुडीतून घेणाऱ्याला कितीतरी महाग पडते, आणि चक्कीवर न जाता तयार पीठ घेतले तर त्याहून महाग. शिवाय ज्वारीचे पीठ टिकत नाही. ते जुने झाले की कडवट होते आणि भाकरीला चिरा जातात. म्हणजे पैसे जास्त देऊन वाईट वस्तू.

मग सगळेच सुगीत का घेत नाहीत? कारण सुगीत घ्यायला हातात एकरकमी पैसे लागतात. ज्याच्याकडे ते आहेत त्याला स्वस्त मिळते, ज्याला स्वस्ताईची खरी गरज आहे तो रोजचे रोज महाग घेतो. गरिबाचे किराणा बिल श्रीमंताहून चढे असते ही गोष्ट आपल्या सुखवस्तू घरांना पटत नाही, पण कोपऱ्यावरच्या दुकानात अर्धा पाव डाळ मागणाऱ्या बाईला ती कोणी समजावून सांगावी लागत नाही.

तुरीचेच पाहा. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली होती, ते वाचकांना आठवत असेल. त्या वर्षी ज्यांनी माघात डाळ भरली होती त्यांची दिवाळी जुन्या भावात पार पडली. ज्यांना भरता आली नाही त्यांच्या पानात वरण पातळ झाले. त्या तडाख्यानंतर केंद्र सरकारने डाळींचा स्वतःचा राखीव साठा उभा केला. पुढे २०२३ मध्ये ‘भारत’ नावाने हरभरा डाळ, नंतर आटा आणि २०२४ च्या आरंभी तांदूळ स्वस्तात विकायला काढला. घरची आजी जे करत होती तेच सरकारने मोठ्या प्रमाणावर केले, एवढेच. सुगीत घ्यावे, टंचाईत काढावे.

आपल्या शहराला बेगमीचे महत्त्व आणखी एका कारणाने ठाऊक आहे. १९९० च्या डिसेंबरात दंगली झाल्या आणि जुन्या शहरात संचारबंदी लागली, तेव्हा शालिबंडा-गौलीगुड्यातल्या बिऱ्हाडांत दुकाने उघडण्याची वाट पाहत बसायचे की कोठीत हात घालायचा, हा फरक फार मोठा होता. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अर्धे शहर पाण्यात गेले, तेव्हा तोच फरक नव्या वस्त्यांनीही पाहिला. कोठीत महिन्याचे धान्य असलेले घर रांगेत उभे राहिले नाही. ते नसलेले घर ज्या भावाने मिळेल त्या भावाने घेत राहिले.

आता सरकारच्या कोठीकडे वळू. स्वस्त धान्याच्या बाबतीत या प्रदेशाने देशाला वाट दाखवली, हे मान्य केलेच पाहिजे. एन. टी. रामाराव १९८३ मध्ये सत्तेवर आले ते दोन रुपये किलो तांदळाचे वचन देऊन, आणि ते त्यांनी पाळले. मधल्या काळात भाव वाढला. २००८ मध्ये राजशेखर रेड्डींनी तो पुन्हा दोन रुपयांवर आणला आणि २०११ मध्ये किरणकुमार रेड्डींनी एक रुपयावर. तेलंगण झाल्यावर जानेवारी २०१५ पासून माणशी सहा किलो मिळू लागले. २०२३ पासून केंद्राच्या योजनेतले धान्य फुकट झाले. २०२५ च्या उगादीला रेवंत रेड्डींनी हुजूरनगरात ‘सन्न बिय्यम’, म्हणजे बारीक तांदूळ, सुरू केला. त्याआधीचा जाडा तांदूळ कित्येक कार्डधारक फेरीवाल्याला विकून टाकत, तो गिरणीत जाऊन पॉलिश होऊन पुन्हा सरकारच्याच गोदामात येई, हे सगळ्या शहराला माहीत होते. बारीक तांदूळ लोक शिजवून खातात. ज्या सरकारने हे केले त्याचे अभिनंदन करायला आम्हाला पक्ष आड येत नाही.

पण या चाळीस-बेचाळीस वर्षांत सरकारच्या कोठीत मुख्यत्वे एकच धान्य राहिले, ते म्हणजे तांदूळ. पक्ष बदलले, राज्य विभागले, कार्डाचा रंग बदलला, गोणीतला तांदूळ तसाच राहिला.

वास्तविक हे पठार ज्वारीचे. मराठवाडा आणि तेलंगण १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद संस्थानात, पुढे एकाच राज्यात होते, तेव्हा दोन्हीकडचा कष्टकरी भाकरीच खात होता. आपण भाकरी म्हणायचो, शेजारी जोन्न रोट्टे म्हणायचे. सोबत आपल्याकडे अंबाडीची भाजी, त्यांच्याकडे गोंगुरा. वस्तू तीच. कालव्याखाली भात वाढला, त्यात रुपया-दोन रुपयांचा तांदूळ आला आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या ज्वारीला घरातच गिऱ्हाईक उरले नाही. ज्वारी मागे हटली, कडबा गेला, त्यामागून जनावरे गेली. आणि गंमत अशी की आज तीच जोन्न रोट्टे संध्याकाळी हैदराबादच्या रस्त्यांवर चुली मांडून बायका थापतात आणि मधुमेहाच्या भीतीने मोटारवाले रांग लावून ती घेतात. गरिबाचे अन्न श्रीमंताचे पथ्य झाले. किराणा दुकानात चांगली ज्वारी आता सोनामसुरीच्या भावाने किंवा वर जाते. ज्वारीत शंभर ग्रॅममागे दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने, तांदळात सातच्या आसपास. चोथ्याचा तर मुकाबलाच नाही.

याला कोणी उपाय केला नाही असे नाही. आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर, मुंबईच्या रस्त्याला, झहीराबादजवळ पस्तापूर आहे. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायकांनी १९९० च्या दशकात स्वतःची रेशन व्यवस्था उभी केली. पडीक जमिनी कसायला घेतल्या, ज्वारी पेरली, गावातच साठवली आणि टंचाईच्या महिन्यांत गावातल्या गरजू घरांना अल्प किमतीत दिली. कोणाला किती द्यायची हे गावानेच ठरवले. तांदळाच्या गोणीची वाट पाहिली नाही. संस्थेचे संचालक पी. व्ही. सतीश २०२३ मध्ये गेले, पण त्या बायकांच्या कामाला त्याआधी २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला होता. राजेंद्रनगरात भरड धान्यांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. २०२३ हे वर्ष साऱ्या जगाने भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, आणि त्या वर्षीही आपल्या रेशन दुकानात तांदूळच मिळाला.

कायदा आड येतो म्हणावे तर तसेही नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ आणि गव्हाबरोबर भरड धान्याचा स्पष्ट उल्लेख आहे, किलोला एक रुपया या दराने. शेजारचे कर्नाटक दक्षिणेत नाचणी आणि उत्तरेत ज्वारी रेशनवर देत आले आहे. बिदर-गुलबर्ग्याच्या आपल्या आप्तांना विचारा. जे तिकडे चालते ते इकडे का चालू नये?

आक्षेप आहेत, तेही मोकळेपणी मांडू. ज्वारी तांदळाइतकी गोदामात टिकत नाही, पोरकिडा लवकर लागतो. खरिपाची संकरित ज्वारी पावसात सापडली की काळी पडते, ती माणसाच्या पानात वाढण्याजोगी राहत नाही. आणि १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेला तो लाल मिलो ज्यांनी खाल्ला, त्यांना सरकारी ज्वारी म्हटले की आजही तोंड वाकडे करावेसे वाटते. म्हणून आमची मागणी बेताची आहे. सहा किलो तांदळाऐवजी ज्याला हवे त्याला चार किलो तांदूळ आणि दोन किलो रब्बीची ज्वारी घेण्याची मुभा द्या. सक्ती कोणावर नको. ज्वारी संगारेड्डी, विकाराबाद, नारायणपेट, आदिलाबादच्या शेतकऱ्याकडून आधारभूत भावाने घ्या आणि गोदामात वर्ष काढायला न लावता चार-सहा महिन्यांत वाटून मोकळे व्हा.

डाळीबद्दल तर आमचा आग्रह याहून मोठा आहे. नुसत्या भाताने पोट भरते, अंग भरत नाही. २०१३ च्या उगादीला अविभाजित आंध्रात ‘अम्मा हस्तम’ नावाची योजना आली होती. एकशे पंच्याऐंशी रुपयांत नऊ जिन्नस: किलोभर तूरडाळ, पामतेल, गहू, कणीक, साखर, मीठ, मिरचीपूड, चिंच, हळद. मालाच्या प्रतीबद्दल तक्रारी पुष्कळ झाल्या आणि राज्य विभागल्यावर ती बारगळली. पण कल्पना कोण्या गृहिणीने केल्यासारखी होती. तिच्यात एक अख्खा स्वयंपाक होता. महाराष्ट्रात २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, हरभरा डाळ, साखर आणि तेल देणारा ‘आनंदाचा शिधा’ आला, तोही सणापुरताच. सणाला गोड मिळावे हे ठीक. पण आम्हाला वाटते, सरकारने सणापेक्षा आषाढाची काळजी आधी करावी. तांडूरच्या तुरीला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. त्या तुरीची किलोभर डाळ दर कार्डाला दरमहा रास्त भावात मिळाली तर अभिमानाचे वरणही होईल.

आता थोडे आपल्याच घरात डोकावू, कारण बोट नेहमी सरकारकडेच दाखवणे सोपे असते.

आपला समाज सुशिक्षित, नोकरदार, सुखवस्तू, अशी आपली समजूत आहे. विवेकवर्धिनीच्या पहिल्या पिढ्यांपासून ती आहे आणि बऱ्याच अंशी ती खरीही आहे. पण याच समाजात खाजगी शाळांतून निवृत्त झालेले आणि पेन्शन नसलेले मास्तर आहेत, देवळात पूजा करणारे गुरव आणि भटजी आहेत, ऑर्डरप्रमाणे पुरणपोळ्या लाटून देणाऱ्या काकू आहेत, मुलगा परगावी आणि स्वतः जुन्या भाड्याच्या खोलीत असलेल्या विधवा आहेत. यांतल्या किती जणांकडे रेशन कार्ड आहे? शहरात वार्षिक दोन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला ते मिळू शकते. २०२५ मध्ये वर्षानुवर्षे अडलेली नवी कार्डे द्यायला सरकारने सुरुवात केली, अर्ज मी-सेवा केंद्रातून होतो. तरी आपली माणसे जात नाहीत. विचारले तर उत्तर येते, ‘‘लोक काय म्हणतील?’’

आम्हाला यातली एक विसंगती फार बोचते. आपल्याकडे शिधा हा मानाचा शब्द आहे. तांदूळ, डाळ, गूळ, तूप ताटात मांडून, वर दक्षिणा ठेवून दिलेला शिधा घेताना घेणाऱ्याची मान ताठ असते आणि देणारा वाकून नमस्कार करतो. तेच तांदूळ कायद्याने हक्काचे म्हणून दुकानातून घ्यायचे झाले की मान खाली जाते. शिधा देणाऱ्याच्या मर्जीवर असतो. रेशन तसे नाही, ते नाकारले तर तक्रार करता येते, वर दाद मागता येते. मग लाज नेमकी कशाची? आणि हे अर्जदारापेक्षा आपण इतरांनी अधिक ऐकावे, कारण ‘लोक’ म्हणजे आपणच आहोत. रांगेत कोणी ओळखीचे दिसले की दुसऱ्या दिवशी हळदी-कुंकवात त्याची कुजबूज करणारेही आपणच. ज्यांना गरज नाही आणि तरी जुन्या उत्पन्नावर काढलेले कार्ड चालू ठेवून आहेत, त्यांनी ते परत करावे, हेही याच दमात सांगतो.

दुसरी गोष्ट नव्याने आलेल्यांची. नांदेड, देगलूर, धर्माबाद, लातूरकडून बांधकामावर, हॉटेलांत, घरकामाला येणारी मराठी माणसे या शहरात पुष्कळ आहेत. आपण चार पिढ्यांचे, ती काल आलेली, म्हणून आपल्या स्नेहसंमेलनात त्यांना खुर्ची नसते. निदान एवढे तरी त्यांना सांगू या की महाराष्ट्रातले कार्ड इथे चालते. ऑगस्ट २०१९ मध्ये ही सोय आधी तेलंगण-आंध्र आणि महाराष्ट्र-गुजरात अशा जोड्यांत सुरू झाली आणि पुढे देशभर झाली. केंद्राच्या हिश्शाचे माणशी पाच किलो त्यांना हैदराबादच्या कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून घेता येतात. दुकानदाराने ‘‘तुमच्या गावी जा’’ म्हटले तर त्याला दोन वाक्ये तेलुगूत ऐकवायला आपल्यातले कोणी सोबत गेले, तर चार पिढ्या इथे राहिल्याचा काही उपयोग झाला म्हणायचा.

तिसरी गोष्ट खरेदीची. सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल, सुगी दर वर्षी येते. पन्नास घरांनी मिळून एकदा ज्वारी आणि तूर घेतली तर प्रत्येक घराला घाऊक भाव पडतो. मंडळाच्या वास्तूत धान्य साठवण्याच्या भानगडीत मात्र आम्ही पडू नये असे सुचवतो. उंदीर, ओल आणि हिशेबाचे वाद, तिन्ही एकाच खोलीत येतात. माल आला त्याच दिवशी मोजून ज्याच्या त्याच्या घरी जावा. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांनी फाल्गुन, ज्येष्ठ आणि भाद्रपद असा तीन हप्त्यांत घ्यावा. आणि ज्यांच्याकडे एकरकमी पैसे नाहीत त्यांचे पैसे मंडळाच्या निधीतून आधी भरावेत, त्यांनी दरमहा फेडावे, व्याज नाही. गणपतीच्या मांडवावर आणि वार्षिक भोजनावर आपण जो खर्च करतो त्याच्या मानाने ही रक्कम लहान आहे. जाता जाता साठवणीबद्दल एक: काही घरांत धान्यात पाऱ्याच्या टिकड्या घालायची पद्धत होती, ती सोडावी, पारा विषारी आहे. कडुलिंबाचा वाळवलेला पाला, कडक ऊन आणि घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा एवढे पुरते.

मते मागायला पुढच्या वेळी जो कोणी येईल, मग तो कुठल्याही रंगाचा उपरणे घालून येवो, त्याला चहा जरूर द्यावा. भाषिक अल्पसंख्याकांचे प्रश्न, शाळा, ग्रंथालय हे तर बोलावेच. पण चहा पिऊन होईपर्यंत ज्वारी आणि तूरडाळ रेशनवर कधी, एवढेही विचारावे. ‘‘तुम्हा लोकांना रेशन कशाला लागते?’’ असे हसून कोणी म्हणाले तर त्याला आपल्या गल्लीतली दारे मोजून दाखवावीत.

त्यासाठी ती आधी आपल्याला मोजावी लागतील. ज्या घरांना कार्डाचा अर्ज करायचा आहे, किंवा सुगीच्या खरेदीत उधारीने सामील व्हायचे आहे, त्यांची नावे कार्यकारिणीतल्या दोन ज्येष्ठ भगिनींनी घरी जाऊन लिहून घ्यावीत. स्वतः सांगायला संकोच वाटत असेल तर शेजाऱ्याने सांगावे. ही यादी त्या दोघींपाशीच राहावी. ती सूचनाफलकावर लावायची नाही, आणि या अंकातही छापायची नाही.